जुने वॅक्स उतरवायचे, पण रंग घासायचा नाही

दसरा-दिवाळीच्या तोंडावर घरोघरी गाडीची साफसफाई सुरू होते आणि त्याबरोबर गाडीच्या रंगाविषयीच्या शंकाही येऊ लागतात. यंदा आलेल्या पत्रांत एक अडचण वारंवार मांडलेली दिसली: पूर्वी लावलेले वॅक्स किंवा सीलंट (वॅक्ससारखाच, पण कृत्रिम पदार्थाचा संरक्षक लेप) आता डागाळले आहे, ते काढायचे आहे, परंतु मशीन फिरवून रंग घासून घेण्याची इच्छा नाही. म्हणून या वेळचे सदर या एकाच विषयासाठी राखले आहे. नाशिकच्या पत्राचे उत्तर सर्वांत विस्तृत आहे. पुढची उत्तरे त्याच्या आधाराने वाचावीत.

प्रश्न (एक वाचक, नाशिक): माझी गडद निळ्या रंगाची गाडी सहा वर्षांची आहे. दर दिवाळीला आणि पावसाळ्यापूर्वी मी तिला घरीच वॅक्स लावतो. गेल्या वर्षी जास्त टिकते म्हणून सीलंट आणले आणि तेही वॅक्सवरच लावले. आता बॉनेटवर आणि टपावर ढगाळ, तेलकट पट्टे दिसतात. पाणी टाकले की काही जागी थेंब उभे राहतात, तर काही जागी पाणी पसरते. "रबिंग-पॉलिश केल्याशिवाय हे जाणार नाही," असे गॅरेजमध्ये सांगितले. रबिंग न करता हा जुना थर काढता येईल का?

उत्तर: काढता येईल, आणि आपल्या गाडीच्या बाबतीत तो तसाच काढावा असे माझे स्पष्ट मत आहे. वॅक्स आणि सीलंट हे पदार्थ रंगात मिसळलेले नसतात, ते रंगावर बसलेले असतात. जे विरघळवून किंवा सैल करून पुसून घेता येते, त्याच्यासाठी खालचा रंग खरवडण्याचे काहीच कारण नाही.

गॅरेजमध्ये ज्याला रबिंग म्हणतात, त्यात बारीक अपघर्षक कण असलेले कंपाउंड बफिंग मशीनने रंगावर फिरवले जाते. आजच्या बहुतेक गाड्यांच्या पत्र्यावर गंजरोधक थर, प्रायमर, रंगाचा थर आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट अशी रचना असते. या सगळ्यांची मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरते आणि त्यात क्लिअर कोटचा वाटा जेमतेम ३५ ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीहूनही कमी असतो. उन्हातील अतिनील किरणांपासून रंगाचे रक्षण करणारी द्रव्ये याच थरात असतात. रबिंगनंतर दिसणारी चकाकी या थराचा वरचा पापुद्रा कापला गेल्यामुळे येते. जोरकस रबिंगमध्ये दोन-चार मायक्रॉन सहज जातात आणि गेलेला थर परत येत नाही. टपावर आणि बॉनेटवर क्लिअर कोटचे पांढरे पोपडे सुटलेल्या गाड्या आपण रस्त्यावर पाहतोच. वर्षानुवर्षे उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीवर वरचेवर रबिंग केले तर ती वेळ लवकर येते. खोल गेलेले ओरखडे कमी करण्यासाठी कधीतरी पॉलिश करणे समजू शकते; नुसते वॅक्स काढण्यासाठी मात्र हा थर खर्ची घालू नये.

आता आपल्या बॉनेटवर नेमके काय साचले आहे ते पाहू. कार्नोबा वॅक्स ईशान्य ब्राझीलमध्ये वाढणाऱ्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांपासून मिळते आणि ८२ ते ८६ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते. डब्यातल्या वॅक्समध्ये ते पेट्रोलियमजन्य द्रावक, तेले आणि इतर मेणांबरोबर मिसळलेले असते. सहा वर्षे वॅक्स लावले म्हणून तितके थर एकावर एक चढले असे समजू नये, कारण नव्या वॅक्समधला द्रावक जुन्या वॅक्सला थोडेफार विरघळवतो आणि आपल्याकडचे ऊन-पाऊस राहिलेले वॅक्स काही आठवड्यांत झिजवतात. सीलंटचे तसे नाही. ते कृत्रिम पॉलिमरचे, बहुधा सिलिकोनयुक्त असते आणि स्वच्छ, कोऱ्या रंगाला धरून बसेल अशी त्याची घडण असते. आपण ते वॅक्सवर लावले, त्यामुळे पुष्कळ ठिकाणी त्याला रंगाची पकड मिळालीच नाही. जिथे वॅक्स झिजून गेले होते तिथे ते बसले, जिथे वॅक्स होते तिथे ते वॅक्सबरोबर सुटत गेले. थेंब एका जागी उभे राहतात आणि वीतभर अंतरावर पाणी पसरते, त्याचे कारण बहुधा हेच आहे. याचा अर्थ आपल्याला दोन वेगळ्या स्वभावाचे पदार्थ काढायचे आहेत, आणि म्हणून एकाच बाटलीने काम होईल अशी अपेक्षा ठेवू नये.

काम सकाळी लवकर आणि सावलीत सुरू करावे. बॉनेटला पालथा हात लावून पाहावा. ऊब जाणवली तर थांबावे, कारण गरम पत्र्यावर कोणताही द्रव आपले काम करण्याआधीच वाळतो आणि स्वतःचा नवा डाग मागे ठेवतो. प्रथम भरपूर पाणी सोडून धूळ वाहू द्यावी. मग अल्कलीयुक्त क्लीनर, ज्याला गाडीच्या सामानाच्या दुकानात ऑल पर्पज क्लीनर किंवा नुसते एपीसी म्हणतात, तो बाटलीवर दिलेल्या प्रमाणात पातळ करावा. सर्वसाधारणपणे एक भाग क्लीनरला दहा भाग पाणी हे प्रमाण रंगासाठी पुरते. तो एका वेळी एकाच भागावर फवारावा, दोन-तीन मिनिटे राहू द्यावा, पण वाळू देऊ नये, आणि मऊ मायक्रोफायबरच्या मोज्याने वरून खाली हलक्या हाताने धुऊन घ्यावा. साबणाच्या पाण्याची एक आणि मोजा खळबळण्याच्या साध्या पाण्याची एक अशा दोन बादल्या ठेवल्या, तर निघालेली माती पुन्हा रंगावर फिरत नाही. या धुण्यासाठी "वॅक्सयुक्त" किंवा "चमक देणारा" असे लिहिलेला शॅम्पू घेऊ नये. आपण काढत असतो तेव्हा तो दुसऱ्या हाताने भर घालत असतो.

क्लीनर मिळाला नाही तर भांडी घासण्याचे द्रवरूप लिक्विड एखाद्या वेळी वापरायला हरकत नाही. वॅक्स त्याने बरेचसे सैल होते, सीलंटला मात्र ते पुरे पडत नाही. भांड्यांच्या साबणाची वडी किंवा भांड्यांची पावडर गाडीला कधीही लावू नये, कारण तिच्यात घासण्यासाठीच घातलेली भुकटी असते आणि गडद निळ्या रंगावर तिचे वर्तुळाकार ओरखडे उन्हात लगेच डोळ्यांत भरतात. कपड्यांची पावडरही नको. तिच्यातला सोडा रंगासाठी नको तितका तीव्र असतो आणि जड पाण्यात तिची साय रंगावर बसते.

या धुण्यानंतर गाडी कोरडी करून पट्टे पुन्हा पाहावेत. पुष्कळ वेळा निम्मे काम इथेच झालेले असते. जे उरले असेल त्यासाठी मिनरल टर्पेंटाइन वापरावे. ऑइल पेंट पातळ करण्यासाठी हार्डवेअरच्या दुकानात मिळते तेच हे. मेण, डांबराचे शिंतोडे आणि सिलिकोन तेलाचा तवंग यांवर ते सौम्यपणे पण नीट काम करते. स्वच्छ मायक्रोफायबर फडक्याची चौपदरी घडी करून तिच्यावर थोडेसे टर्पेंटाइन घ्यावे, ते थेट रंगावर ओतू नये, आणि एका वेळी वर्तमानपत्राच्या पानाएवढ्याच जागेवर, न दाबता, एकाच दिशेने पुसावे. पहिल्या दोन-तीन हातांत फडक्यावर करडा-पिवळट, बोटाला चिकट लागणारा पट्टा उमटतो; जुने वॅक्स आणि त्यात अडकलेली धूळ ती हीच. त्याच घडीने पुढे पुसले तर निघालेले वॅक्स पुन्हा पसरते, म्हणून दर वेळी घडी उलटून कोरी बाजू घ्यावी आणि फडक्यावर काही उमटेनासे झाले की तिथेच थांबावे. रबराच्या पट्ट्या, दरवाज्यांची गास्केट, टचअप केलेल्या जागा आणि रंगावर लावलेली संरक्षक फिल्म यांना टर्पेंटाइन लागू देऊ नये. ते ज्वलनशील आहे, तेव्हा बंद गॅरेजमध्ये काम करू नये, जवळपास विडी-सिगारेट किंवा उदबत्ती असू नये, हातांत नायट्राइलचे मोजे असावेत आणि भिजलेली फडकी गाडीत ठेवू नयेत.

दुकानात टर्पेंटाइन मागितले असता थिनरची बाटली पुढे केली जाते, म्हणून इथे अधिक सावध राहावे. एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोज रंगाच्या, थिनरमध्ये टोल्युइन, अ‍ॅसिटोन यांसारखी तीव्र द्रावके असतात. ती वॅक्सवर थांबत नाहीत, खालचा रंग मऊ करतात आणि हेडलाइटच्या प्लास्टिकला क्षणात तडे पाडू शकतात. पेट्रोलचीही तीच गत, शिवाय आगीचा धोका मोठा. रॉकेलने गाडी पुसण्याची सवय अनेक ठिकाणी अजून आहे. रॉकेल वॅक्स विरघळवते हे खरे, पण मागे स्वतःचा तेलकट तवंग ठेवते; दिसणारी चकाकी त्या तवंगाची असते आणि त्यावर संध्याकाळपर्यंत धूळ बसते.

टर्पेंटाइनचाही थोडा अंश मागे राहतोच, म्हणून त्यानंतर साध्या, वॅक्सविरहित शॅम्पूने गाडी पुन्हा धुवावी. आता बोटांवर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवून बॉनेटवरून हात फिरवावा. पिशवीमुळे स्पर्श तीव्र होतो आणि नुसत्या हाताला न कळणारी खरखर जाणवते. खरखर असेल तरच क्ले बार, म्हणजे रंगात रुतलेले कण उचलणारी मऊ मातीसारखी वडी, वापरावा. तो मळून चपटा करावा, भरपूर साबणपाण्याच्या ओलाव्यावर अलगद सरकवावा, मळकट झालेली बाजू वारंवार आत दुमडावी, आणि जमिनीवर पडला तर तो तुकडा सरळ टाकून द्यावा. क्ले रुतलेले कण उचलतो आणि त्याबरोबर थोडेफार वॅक्सही नेतो, परंतु वॅक्स काढण्याचे साधन म्हणून त्याच्याकडे पाहू नये. गडद रंगावर निष्काळजीपणे फिरवलेला क्ले बारीक चरे पाडतो, आणि मग ज्या पॉलिशला आपण टाळत होतो तेच करावे लागते.

शेवटचा हात आयसोप्रोपिल अल्कोहोलचा. एक भाग अल्कोहोल आणि तीन-चार भाग बॅटरीसाठी मिळणारे डिस्टिल्ड वॉटर असे मिश्रण फवाऱ्याच्या बाटलीत करावे, फडक्यावर फवारून एकेक भाग पुसावा आणि लगेच दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपून घ्यावा. राहिलेला तेलकटपणा आणि शॅम्पूचा अंश यामुळे निघून जातो. अनेकांच्या घरी करोनाकाळातले सॅनिटायझरचे कॅन अजून पडून आहेत आणि त्यातही अल्कोहोलच असते म्हणून ते वापरण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण हाताच्या त्वचेसाठी त्यात ग्लिसरीन घातलेले असते आणि ग्लिसरीनचा पापुद्रा रंगावर राहतो. मग इतका वेळ केलेल्या कामावर पाणी पडते.

थर गेला की नाही हे पाण्याने ओळखावे, पण योग्य वेळी. शॅम्पूचा अंश रंगावर असेल तर वॅक्स असूनही थेंब उभे राहत नाहीत, आणि धुळीचा थर असला तरीही पाणी पसरते. म्हणून चाचणी अल्कोहोलने पुसल्यानंतरच घ्यावी. नळीचे तोंड काढून बॉनेटच्या वरच्या कडेवर संथ धार सोडावी. वॅक्स शिल्लक असेल तिथे पाणी फुटून गोळ्यागोळ्यांनी पळते. कोऱ्या क्लिअर कोटवर ते सलग पडद्यासारखे उतरते आणि त्या पडद्याला मधूनच सावकाश भोके पडत जातात. कोऱ्या रंगावरही थोडे चपटे थेंब राहतातच, त्यामुळे एकही थेंब दिसू नये असा हट्ट धरून पुन:पुन्हा द्रावक फिरवू नये. संपूर्ण गाडीवर वर्तन एकसारखे झाले, म्हणजे काम झाले.

एका गोष्टीची पूर्वकल्पना आपल्याला असायला हवी. वॅक्समधली तेले बारीक ओरखड्यांत भरून बसलेली असतात, त्यामुळे ती गेल्यावर गाडी आधीपेक्षा फिकी आणि अधिक ओरखडलेली दिसेल. हे ओरखडे पूर्वीपासूनचेच आहेत, आपण पाडलेले नाहीत. त्यांच्यासह गाडी वापरायला आपली हरकत नसेल तर त्याच दिवशी नवा थर लावावा, कारण उघड्या रंगावर पक्ष्याची विष्ठा आणि झाडाचा चीक फार लवकर खोल डाग पाडतात. यापुढे वॅक्स की सीलंट यांपैकी एक निवडावे. वॅक्सवर पुन्हा तेच वॅक्स लावायचे असेल तर हा सारा खटाटोप करण्याची गरज नाही, चांगले धुणे पुरते. सीलंट लावायचे असेल तेव्हाच रंग कोरा करावा.

प्रश्न (एक वाचक, ठाणे): गाडी घेताना विक्रेत्याने टेफ्लॉन कोटिंग करून दिले होते. आता सिरॅमिक कोटिंग करायचे आहे. टेफ्लॉन पॉलिश केल्याशिवाय निघत नाही असे सांगतात. आमची गाडी रेल्वे रुळांलगतच्या मोकळ्या जागेत उभी असते, याचा काही संबंध येतो का?

उत्तर: टेफ्लॉनच्या नावाचा धसका घेऊ नये. टेफ्लॉन म्हणजे पीटीएफई हे पॉलिमर ३२७ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते, आणि तव्यावर त्याचा लेप बसवताना त्याहून अधिक उष्णता द्यावी लागते. गाडीच्या रंगाला इतकी उष्णता देणे शक्यच नाही. तेव्हा टेफ्लॉन कोटिंग म्हणून जे लावले जाते, ते त्या नावाचे किंवा त्याची भुकटी मिसळलेले सीलंटच असते, आणि ते इतर सीलंटप्रमाणे उन्हापावसात झिजते. आपल्या गाडीला एक-दोन पावसाळे झाले असतील तर त्यातले फारसे उरलेही नसेल. जे उरले असेल ते वर सांगितलेल्या क्रमाने, म्हणजे अल्कलीयुक्त क्लीनर, मिनरल टर्पेंटाइन, शॅम्पू आणि अल्कोहोल, यांनी निघते.

रुळांचा संबंध मात्र नक्की येतो. चाके, रूळ आणि ब्रेक यांच्या घर्षणातून उडणारे लोखंडाचे सूक्ष्म कण क्लिअर कोटमध्ये रुततात आणि गंजतात. पांढऱ्या किंवा फिक्या गाडीवर ते तांबूस ठिपक्यांसारखे दिसतात. शॅम्पूने ते जात नाहीत, द्रावकानेही नाही. त्यांच्यासाठी आयर्न रिमूव्हर मिळतो. त्यातले थायोग्लायकोलेट लोखंडाशी संयोग पावते आणि रंगहीन द्रव काही क्षणांत जांभळा होऊन ओघळू लागतो. त्याला गंधकाचा उग्र वास येतो, म्हणून मोकळ्या हवेतच वापरावा, थंड पत्र्यावर वापरावा आणि वाळण्याआधी भरपूर पाण्याने धुऊन टाकावा. आपल्या बाबतीत हे काम पहिल्या धुण्यानंतर, क्लेच्या आधी करावे. लोखंडाचे कण तसेच ठेवून क्ले फिरवला तर तेच कण रंगावर ओढले जातात.

सिरॅमिक लावण्यापूर्वी दुकानदार पॉलिशचा आग्रह धरतात त्यामागे एक रास्त कारण आहे: सिरॅमिकखाली अडकलेले ओरखडे पुढची काही वर्षे तसेच दिसत राहतात. परंतु रंग चांगला असेल तर रासायनिक पूर्वतयारी पुरेशी असते, आणि आपण तसे स्पष्ट सांगून ती करून घेऊ शकता. एक गोष्ट मात्र आधीच लक्षात घ्यावी. सिरॅमिक कोटिंगमधले सिलिकायुक्त द्रव्य हवेतल्या ओलाव्याने पक्के होते आणि त्याचे घट्ट जाळे बनते. ते टर्पेंटाइनने किंवा अल्कोहोलने निघत नाही. पुढे ते काढायची वेळ आली तर पॉलिशच करावे लागेल. ज्यांना आपल्या क्लिअर कोटची काळजी आहे त्यांनी हा निर्णय शांतपणे घ्यावा. "सिरॅमिक" असे छापलेले फवाऱ्याचे स्वस्त स्प्रे ही वेगळी गोष्ट आहे. ते बहुतांशी सीलंटच असतात आणि सीलंटसारखेच उतरतात.

प्रश्न (एक वाचक, पुणे): वडिलांची १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी मी जपून ठेवली आहे. तिच्यावर वर्षानुवर्षांचे वॅक्स आहे. तेही याच पद्धतीने काढावे का?

उत्तर: आपण ही गाडी जपली आहे याचा मनापासून आनंद वाटला. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या या गाड्यांनी मुंबईचे रस्ते अनेक दशके व्यापले होते आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यांची शेवटची टॅक्सीही रस्त्यावरून गेली, त्यामुळे अशा खासगी गाड्यांवरचा मूळ रंग आता दुर्मिळ होत चालला आहे. म्हणूनच माझे उत्तर नाशिकच्या वाचकांना दिलेल्या उत्तरापेक्षा वेगळे आहे: शक्य असेल तर तिचे वॅक्स काढूच नये.

त्या काळच्या साध्या रंगांवर वेगळा क्लिअर कोट नसे. रंगद्रव्य आणि चकाकी एकाच थरात असत. असा थर उन्हाने सुकतो, वरचे रंगद्रव्य सैल होते आणि हात फिरवला तर खडूसारखी भुकटी बोटाला लागते. आपल्या गाडीवरचे जुने वॅक्स आणि त्यातली तेले त्या सुकलेल्या रंगाला एकप्रकारे बांधून ठेवत आहेत. ती पूर्ण काढली तर गाडी एका दिवसात पांढुरकी दिसू लागेल, आणि तिला पुन्हा तेज आणण्यासाठी पॉलिशशिवाय पर्याय उरणार नाही.

आधी डिकीच्या झाकणाच्या आतल्या कडेला, जिथे नजर जात नाही, पांढऱ्या सुती कापडाने थोडे टर्पेंटाइन लावून पाहावे. कापडावर नुसता मळकट पिवळा डाग आला तर ते वॅक्स आहे. गाडीचाच रंग उतरला किंवा ती जागा चिकट झाली तर तिथेच थांबावे. मधल्या काळात गाडीवर एखाद्या गॅरेजमध्ये एनसी रंगाचा हात दिलेला असेल तर अल्कोहोलनेही तो मऊ पडू शकतो, म्हणून पद्मिनीवर अल्कोहोल आणि एपीसी दोन्ही टाळावेत. सौम्य शॅम्पूने धुऊन, केवळ जिथे वॅक्स जाड होऊन पिवळे पडले आहे तिथे टर्पेंटाइनचा अगदी हलका हात फिरवावा, पुन्हा धुवावे आणि अपघर्षक कण नसलेले, तेलाचे प्रमाण अधिक असलेले वॅक्स पातळ लावावे. वॅक्सच्या काही डब्यांवर "क्लीनर वॅक्स" असे लिहिलेले असते. त्यात अपघर्षक असतात, ते आपल्या गाडीला लावू नये.

प्रश्न (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर): बोअरच्या पाण्याने गाडी धुतो. रंगावर पांढरी वर्तुळे राहिली आहेत. वॅक्सचे डाग म्हणून टर्पेंटाइनने पुसले, पण काही फरक पडला नाही.

उत्तर: फरक पडला नाही, यावरूनच ते वॅक्सचे डाग नाहीत हे सिद्ध होते. बोअरच्या जड पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार थेंब वाळल्यावर मागे राहतात आणि कोणतेही द्रावक त्यांना विरघळवत नाही. त्यांना सौम्य आम्ल लागते. पांढरे व्हिनेगर आणि डिस्टिल्ड वॉटर समप्रमाणात घेऊन फडके भिजवावे, ते डागावर मिनिटभर ठेवून अलगद पुसावे आणि लगेच शॅम्पूच्या पाण्याने धुवावे. एकदोनदा करूनही वर्तुळाची कड राहिली तर क्षारांनी क्लिअर कोटच कोरला आहे असे समजावे. तो डाग व्हिनेगर वाढवून जात नाही. काम करताना गाडीखाली शहाबादी फरशी असेल तर तिच्यावर हे पाणी सांडू देऊ नये. शहाबादी फरशी चुनखडीची असते आणि जे आम्ल गाडीवरचे क्षार खाते तेच फरशीलाही खाते.

यापुढे धुतल्यावर गाडी उन्हात वाळायला सोडू नये. शेवटचे पाणी शक्य तर नगरपालिकेच्या नळाचे किंवा साठवलेले पावसाचे घ्यावे आणि लगेच फडक्याने टिपावे. ही एक सवय लागली तर निम्म्याहून अधिक डाग पडणारच नाहीत.

प्रश्न (एक वाचक, मडगाव): काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांवर वॅक्स वाळून पांढरे झाले आहे. काय करावे?

उत्तर: पातळ केलेला एपीसी आणि मऊ जुना टूथब्रश. खडबडीत प्लास्टिकच्या खाचांत वॅक्स बसलेले असते, त्यामुळे नुसत्या फडक्याने ते जात नाही. पुढच्या वेळी वॅक्स लावण्याआधी त्या पट्ट्यांवर मास्किंग टेप लावावी.

प्रश्न (एक वाचक, सातारा): दसऱ्याला गाडीची पूजा केली, तेव्हा बॉनेटवर हळदीचे स्वस्तिक काढले. त्याचा पिवळा डाग राहिला आहे. वॅक्स काढले तर तो जाईल का?

उत्तर: बहुधा जाईल. हळदीतले कुर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून धुण्याने डाग हलत नाही. अल्कोहोलमध्ये मात्र ते विरघळते. आपल्या गाडीवर वॅक्स असेल तर हळद रंगात न जाता वॅक्समध्येच अडकली असण्याची शक्यता अधिक आहे. टर्पेंटाइनने तेवढ्या जागेचे वॅक्स काढावे, धुवावे आणि मग अल्कोहोलच्या मिश्रणाने पुसावे. फिकट पिवळी झाक उरलीच तर घासू नये, गाडी काही दिवस उन्हात उभी करावी. कुर्क्युमिन उन्हात विरते. कुंकवाचे तसे नाही, हल्लीच्या कुंकवातले कृत्रिम रंग उन्हाला दाद देतीलच असे नाही, म्हणून ते पूजेनंतर त्याच दिवशी कोरड्या मऊ ब्रशने झटकून मग धुवावे. पुढच्या वर्षी स्वस्तिक समोरच्या काचेच्या कोपऱ्यात काढावे. काचेवर हळद-कुंकू बसत नाही आणि पूजेतही काही उणे राहत नाही.

प्रश्न (एक वाचक, कोल्हापूर): अपघातानंतर एक दरवाजा गेल्या आठवड्यात रंगवून घेतला. बाकीच्या गाडीचे जुने सीलंट काढतानाच या दरवाज्यावरही हात फिरवावा का?

उत्तर: नाही. गॅरेजमध्ये मारलेला रंग वरून वाळलेला दिसला तरी आतले द्रावक बाहेर पडायला आठवडे लागतात. या काळात त्यावर टर्पेंटाइन किंवा अल्कोहोल लागले तर तो भाग मंद पडतो, आणि वॅक्स लावले तर द्रावक आत कोंडले जातात. रंगकाम करणाऱ्याने सांगितलेली मुदत पाळावी. त्याने काहीच सांगितले नसेल तर किमान ३० दिवस, आणि पावसाळी हवा असेल तर ६० दिवस थांबावे. तोवर तो दरवाजा सौम्य शॅम्पूने धुवावा. त्यावर सीलंट नाहीच, त्यामुळे काढण्यासारखेही काही नाही. बाकीच्या गाडीवर काम करताना दरवाज्याच्या कडांना टेप आणि वर प्लास्टिकचा कागद लावावा, म्हणजे मडगार्डवरून ओघळणारा क्लीनर त्याच्यावर येणार नाही.